डाव्या हाताची कात्री

बोटीवर एक कात्री न्यायची, एवढाच माझा बेत होता. एवढ्याशा गोष्टीला बेत कशाला म्हणायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमच्या घरात साधी गोष्ट साधेपणानं पार पडत नाही. ती आधी शेजारी जाते, तिथे दोन घोट चहा पिते, आणि परत येते तेव्हा ओळखू येत नाही.

बोट म्हणजे ती मोठी, पांढरी, मजल्यामजल्यांची क्रूझ. लोक तिच्यात बसून कुठेही न जाता परत येतात आणि त्याला सहल म्हणतात. मुलगा, सून आणि नात लांबच्या शहरात, आम्ही दोघं इथे. भेटीगाठी सगळ्या फोनच्या पडद्यावर. एके दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, या सुटीत आपण सगळे बोटीवर जाऊ. तिथे कुणाला घाई नसते. जाणार कुठे? चहूकडे पाणी!"

हे वाक्य माझ्या डोक्यात शिरलं आणि तिथेच नांगर टाकून बसलं. दाढी करताना, बँकेच्या रांगेत उभा असताना, पायाखालची फरशी हळूच वर-खाली झाल्यासारखी वाटू लागली. दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला की खिडकीचा पडदा फुगून शीड व्हायचा, खोली किनाऱ्यापासून अलगद सुटायची, आणि मी व नात निळ्या शांततेत बसून कागद कापत असायचो. कागदाचे तुकडे वाऱ्यावर उडायचे आणि उडता उडता पक्षी व्हायचे. त्यातला एखादा माझ्या नाकावर येऊन बसला की जाग यायची. बघतो तर बायको समोर पिशवी घेऊन उभी.

"अहो, बोट किनाऱ्याला लागली असेल तर तेवढं दूध आणा."

नातीबरोबर कागद कापण्याचं स्वप्न मला का पडत होतं, ते सांगायला हवं. मी हस्तकलेचा मास्तर. शाळेतून निवृत्त झालो, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. अजूनही आजूबाजूची मुलं आमच्या ओसरीवर येतात आणि पुठ्ठ्याची घरं करून जातात. जन्मभर लोकांच्या मुलांना शिकवलं, स्वतःच्या नातीला मात्र "जेवलीस का बाळा?" याच्यापुढे काही शिकवलं नव्हतं.

एकदा फोनवर तिनं मला तिनं केलेलं फुलपाखरू दाखवलं. त्याचे पंख कडेनं कुरतडलेले होते.

"उंदरानं खाल्लं का गं हे?"

"नाही आजोबा. मी दातांनी कापलं."

"आणि कात्री?"

"मला कात्री येत नाही. बाई म्हणतात माझे हात वाकडे आहेत. हस्तकलेच्या तासाला माझं पोट दुखतं."

"खरंच दुखतं की खोटं?"

ती विचार करून म्हणाली, "आधी खोटं दुखायचं. आता खरं दुखतं."

हे ऐकताच माझ्यातला जुना वर्गातला मास्तर वाघासारखा उठून बसला. मी म्हटलं, "कात्री आण आणि माझ्यासमोर काप." तिनं कात्री आणली, डाव्या हातात धरली आणि घाईघाईनं दाबली. कागद पात्यांच्या मध्ये नुसता दुमडला, जसा आळशी मुलगा दोन पांघरुणांत दुमडून पडतो.

ती डावखुरी आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती डाव्या हातानं लिहिते, डाव्या हातानं दात घासते, लहानपणी माझ्या मिशा डाव्याच हातानं ओढायची. पण कात्रीचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. कात्री हा मोठा विचित्र संसार आहे. दोन सुऱ्या एका खिळ्यानं बांधलेल्या; एकमेकींना चिकटून राहिल्या तरच कापतात, फटकून वागल्या की कागद सुखरूप. उजवा हात दाबताना त्यांना एकत्र आणतो. डावा हात त्यांना नकळत लांब सारतो. यात हाताचा दोष नाही, कात्रीचा आहे.

हे मी तिला सविस्तर समजावलं आणि शेवटी म्हणालो, "बोटीवर भेटू तेव्हा मी तुला तुझ्या हाताची कात्री आणून देतो. मग बघ."

"नक्की?"

"मास्तरचा शब्द."

तिनं डावा हात पडद्याच्या इतका जवळ आणला की पलीकडचं सगळं घर नाहीसं झालं आणि फक्त एक छोटा, गुलाबी तळवा उरला. बराच वेळ तो तसाच होता. बहुतेक ती त्याच्याकडे नव्यानं बघत असावी.

मागून मुलगा म्हणाला, "बाबा, मी मागवतो ना इथूनच. दोन मिनिटांचं काम."

इथे मी 'बरं' म्हणालो असतो तर ही गोष्ट संपली असती. पण मागवतो! मास्तरचा शब्द काय खोक्यात घालून घरपोच मागवायचा? मी म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदारानं मला माझं म्हणणं पुन्हा सांगायला लावलं, मग आतल्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर सांगायला लावलं. दोघांचीही करमणूक झाल्यावर तो म्हणाला, "काका, कात्रीत कसली आलीय डावी-उजवी? ती काय चप्पल आहे?"

दुसऱ्यानं साधीच कात्री माझ्या डाव्या हातात दिली. "ही घ्या. आता झाली की नाही डावी?"

तिसऱ्या दुकानात मी फळ्याशिवाय तास घेतला. पात्यांचं शास्त्र, हाताचा दाब, सगळं सांगितलं. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरून कुणी बरोबर आलंय का तुमच्या?"

तेव्हा ठरवलं, कात्री आपणच करायची. साधी, सरळ पात्यांची कात्री घ्यायची, मधला स्क्रू काढायचा, पात्यांची जागा बदलायची, त्यांना उलट बाक द्यायचा आणि उलट बाजूनं धार लावायची. सांगायला सोपं आहे. पहिला बळी गेला बायकोच्या भरतकामाच्या कात्रीचा. बाक देताना तिचं पातं टणकन उडालं आणि बरणीच्या मागे जाऊन लपलं.

"काय मोडलं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मोडलं नाही. सुटं झालंय."

"माझं काय सुटं झालंय?"

यानंतरचा संवाद मी इथे देत नाही. लहान मुलं वाचतील.

दुसरा बळी शेजाऱ्यांच्या घरचा. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबनीस राहतात. त्यांना आम्ही दर्यावर्दी म्हणतो, कारण तरुणपणी त्यांनी एकदा होडीनं खाडी ओलांडली होती. त्या प्रवासात ते पूर्णवेळ काठावर वाकून होते असं त्यांच्या पत्नी सांगतात, पण तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांच्याकडे मिशा कापायची सुबक कात्री होती. मी ती 'बघायला' म्हणून आणली आणि बघता बघता उघडली. ती परत जुळवली तेव्हा ती डावीही राहिली नाही आणि उजवीही. दर्यावर्दी त्या आठवड्यात एक मिशी कातरलेली आणि एक मोकाट अशा अवस्थेत फिरत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "बोट तुमची आणि वादळ माझ्या तोंडावर?"

तिसरी कात्री माझी स्वतःची, शाळेतली, बोटाएवढ्या पात्याची. तिला मी घाई केली नाही. रोज सकाळी ओसरीवर बसायचो आणि कानस हळूहळू फिरवायचो. सूर्य पायरीवरून खाली उतरायचा, कानशीचा आवाज दूरच्या लाटेसारखा येत-जात राहायचा, लोखंडाची बारीक धूळ गुडघ्यावर साठायची. मध्येच माझी तंद्री लागायची आणि मी समुद्राच्या तळाशी बसून एखाद्या माशाचा कल्ला घासतोय असं वाटायचं. शेवटी एका सकाळी मी ती डाव्या हातात धरली, जुन्या वर्तमानपत्राला लावली, आणि कागद काही न बोलता दोन भागांत विलग झाला. इतक्या मऊपणे की त्यालाही कळलं नसावं.

टोकही मी बारीक केलं. बोथट टोकाची कात्री कोपऱ्यावर वळत नाही, फुलपाखराच्या मिशा तिला साधत नाहीत. मुलांना गोल टोकाच्या कात्र्या देतात ती मोठ्यांची सोय. टोक असलेल्या वस्तूला कसं वागवायचं, हे टोक असल्याशिवाय मुलांना कसं कळणार?

आता सामान भरणं. एकदा कात्री घेतली म्हटल्यावर नुसती कात्री बरी दिसेना. मी शेजारी छोटी पटाशी ठेवली. तिच्या सोबतीला भोकं पाडायची आरी. आरी आली म्हणून पकड, पकडीला तार, तारेला बारीक करवत. मग माझं वैयक्तिक सामान: दाढीची पाती, नखं काढायचं यंत्र, काटे काढायचा चिमटा, किल्ल्यांच्या जुडग्यातला फळं कापायचा चाकू. प्रत्येक टोकाला मी खोडरबराचा तुकडा टोचला. पलंगावर सगळं मांडल्यावर ते एखाद्या शांतताप्रिय टोळीचं शस्त्रागार वाटत होतं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "सहलीला चाललोय की बोट ताब्यात घ्यायला?"

दर्यावर्दी सल्ला द्यायला खाली आले. मिशीचा राग त्यांनी सल्ल्याआड येऊ दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, "मास्तर, बंदरावर फार कडक असतात. सगळं मोज्यांत घालायचं. मोज्याला कुणी हात लावत नाही."

"मी रोज मोजे धुतो."

"मग नका धुऊ. प्रवासाला निघायचं तर त्याग करावा लागतो." थोडं थांबून त्यांनी दुसरा उपाय सांगितला, "नाहीतर साबणाच्या वडीत खुपसा. यंत्राला साबण दिसत नाही."

यंत्राला साबण दिसतो की नाही हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तरी मी आरी एका वडीत खुपसून पाहिली. ती दुसऱ्या बाजूनं बाहेर आली आणि आमच्या गादीत शिरली. सहल संपेपर्यंत त्या गादीचा कापूस बाहेर डोकावून आमची वाट बघत होता.

शेवटी मी सरळ मार्ग धरला आणि सहल कंपनीत फोन लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली. मग एका गोड आवाजाच्या मुलीनं विचारलं, "सर, मी आपली काय मदत करू?"

मी पटाशीपासून सुरुवात केली. "नाही सर." आरी? "नाही सर." करवत? इथे ती जरा थांबली. "सर, तुम्ही प्रवासी आहात की कर्मचारी?"

एकेक हत्यार पलंगावरून उठून कपाटात परत जात होतं. लग्नघरातून पाहुणे निघावेत तसं पलंग ओकाबोका होत गेला. चिमटा आणि नखांचं यंत्र राहिलं. शेवटी मी घसा खाकरून विचारलं, "आणि छोटी कात्री?"

"छोटी चालेल सर, पातं लहान असेल तर..."

'चालेल' हा शब्द ऐकला आणि माझी खोली पुन्हा किनाऱ्यापासून सुटली. फोनमधला आवाज लांब गेला, जसा किनाऱ्यावरच्या माणसाचा जातो. ती मुलगी पुढेही काहीतरी सांगत होती. मी "हो, हो" म्हणत होतो आणि नातीच्या डाव्या हातात कात्री बघत होतो.

बंदरावर पोचलो तेव्हा धुकं होतं. बोट नव्हती, फक्त खिडक्या होत्या, हवेत रांगेनं टांगलेल्या. मुलगा, सून आणि नात आमच्या आधीच येऊन आत गेले होते. काचेच्या पलीकडून नात उड्या मारत डावा हात हलवत होती. मध्ये फक्त तपासणीचं यंत्र. आपल्या आणि सुखाच्या मध्ये नेहमी एखादं यंत्र असतंच.

आधी बायकोची पिशवी गेली. तिच्यात विणायच्या सुया होत्या, दाभण होतं, टाचण्यांचा डबा होता, आणि केसांच्या काट्यांचा एक असा गठ्ठा होता की त्यावर माणसाला झोपवता आलं असतं. तपासणीचे साहेब, एक भारदस्त गृहस्थ, पडद्याकडे बघत म्हणाले, "आजी, स्वेटर कुणाला?"

"नातीला."

"छान. जा आत."

मग माझी पिशवी. यंत्र थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. साहेबांनी पिशवी उघडून कात्री बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"ही काय?"

"कात्री."

"टोक आहे हो हिला. मुलांच्या कात्रीसारखं गोल टोक असलं तरच चालतं. कंपनीनं सांगितलं नाही तुम्हाला?"

फोनवरची ती मुलगी लांबून काय म्हणत होती, ते मला तेव्हा ऐकू आलं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी कात्री उजव्या हातात घेतली आणि टेबलावरच्या कागदाला लावून पाहिली. कागद दुमडला. पुन्हा लावली. पुन्हा दुमडला. त्यांचा चेहरा सैल झाला. "हिला धारच नाही. बोथट आहे पार. खेळणंच म्हणायचं. बरं, जाऊ द्या. ठेवा पिशवीत."

नात काचेला नाक चिकटवून बघत होती. बायको म्हणाली, "चला, आटपा." माझ्यासमोर दार सताड उघडं होतं. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं पिशवी उचलली असती.

"बोथट?" मी म्हणालो.

"अहो..." बायको म्हणाली.

"साहेब, ही बोथट नाही. तुम्ही चुकीच्या हातात धरलीय."

"असू दे हो, काका. मागे रांग आहे."

"असू दे कसं? कितीतरी सकाळी कानस चालवलीय हिच्यावर. बघा, डावा हात असा. अंगठा असा." मी कात्री हातात घेतली; आता कापायला काहीतरी हवं होतं. साहेबांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी फीत लोंबत होती. मी ती उजव्या हाताच्या चिमटीत ताणून धरली, फक्त दाखवायला. त्याच वेळी साहेब दचकून मागे झाले.

फीत लोण्यासारखी कापली गेली. माझा उजवा अंगठाही.

पुढचं सगळं पाण्याखाली घडल्यासारखं मला आठवतं. साहेबांचं ओळखपत्र सावकाश खाली पडलं. कुठूनतरी आणखी तीन गणवेश आले. कुणीतरी विचारलं, "आपला व्यवसाय?" मी म्हटलं, "मुलांना शिकवणं." ते एकमेकांकडे बघत राहिले. कात्री एका पारदर्शक पिशवीत गेली, पिशवीला चिठ्ठी लागली, चिठ्ठीवर माझी सही. ती मला डाव्या हातानं करावी लागली, आणि माझ्या ओळखपत्रावरच्या सहीशी ती जुळेना, म्हणून पुन्हा एक सही, पहिली सही माझीच आहे असं सांगणारी. तीही जुळेना. सगळ्यांत शेवटी साहेब फितीची दोन टोकं हातात घेऊन म्हणाले, "धार मात्र उत्तम आहे, काका."

या शिफारशीचा मला आनंद झाला, हे सांगायला लाज वाटते.

बोटीवरच्या दवाखान्यात अंगठ्याला पागोटं बांधलं. जखम तांदळाएवढी; पण त्यांचा नियम होता, आणि नियम अंगठ्यापेक्षा मोठा होता. पागोटं सावरत मी बाहेर आलो तर नात उभी. बोट सुटली होती. मऊ गालिच्याच्या लांबच लांब बोळातून आम्ही चालत होतो. जमीन श्वास घेतल्यासारखी हलत होती. अगदी माझ्या स्वप्नातल्यासारखी, फक्त कात्री तेवढी नव्हती.

"आजोबा, माझी कात्री?"

मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. फीत कापल्याचं मी जरा रंगवूनही सांगितलं. ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि दोन्ही हात खिशात घातले.

रागावली असती तर मी समजूत काढली असती. रडली असती तर जवळ घेतलं असतं. पण 'बरं' म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं, ते इतकी वर्षं शिकवूनही मला कळलेलं नाही. तिचे हात जेवतानाच खिशातून बाहेर यायचे. समुद्र मोठा सुंदर होता. सगळे म्हणत होते. मी खुर्चीत पडून त्याच्याकडे बघायचो आणि त्याच्या दोन घड्या होऊन तो पात्यांच्या मध्ये दुमडायचा.

मुलगा शेजारी येऊन बसला. "बाबा, परत गेलो की मागवतो मी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"तोवर तिची शाळा सुरू होईल. आणि मी तिला काय म्हणालो होतो, मास्तरचा शब्द."

त्यावर त्यानं नुसती मान डोलावली. तोही माझ्याच वर्गात शिकलाय.

बोटीवर मुलांसाठी एक खेळघर होतं आणि ते सांभाळणारी एक ताई होती. बायकोनं माझ्या परस्पर तिला सांगितलं, "हे हस्तकलेचे मास्तर आहेत. खुर्चीत पडून सुस्कारे सोडतात, त्यापेक्षा तुमच्याकडे ठेवून घ्या." ताईला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटक्या टेबलांभोवती पोरं जमली. मी एका बुटक्या खुर्चीत बसलो. माझे गुडघे कानांशी आले. नात आली, पण खिडकीपाशी, पाठ करून बसली. हात खिशात.

टेबलावर रंगीत कागद होते आणि गोल टोकांच्या कात्र्या. सगळ्या उजव्या.

"आज आपण मासा कापू," मी म्हणालो आणि कात्री उचलली. पागोट्याचा अंगठा तिच्या कडीत जाईना. ओला करून पाहिला, तिरका करून पाहिला. पोरं वाट बघत होती. मग मी कात्री डाव्या हातात घेतली. त्यात काय मोठंसं! याच हातानं बंदरावर फीत लोण्यासारखी कापली होती.

कागद दुमडला. मी जोर केला. तो आणखी दुमडला. मी जीभ बाहेर काढली, मान वाकडी केली, खुर्ची करकरली. शेवटी जे निघालं त्याला एका छोट्या मुलीनं नीट बघून विचारलं, "हा मासा आहे की बटाटा?"

"मेलेला बटाटा," दुसरा म्हणाला.

सगळा वर्ग खिदळला. आयुष्यात माझ्या वर्गात मुलं हसली होती, पण माझ्या माशाला कुणी हसलं नव्हतं. मला घुश्शानं काही सुचेना. "हसताय काय? धरा सगळ्यांनी कात्र्या डाव्या हातात! ताई, तुम्हीसुद्धा! कापा मासा! मग बघू कुणाचा बटाटा होतो ते."

क्षणभरात खेळघरात शांतता पसरली. नुसते दात आवळल्याचे आवाज. एकानं कागद कोपरानं दाबून धरला. एकीनं टेबलाखाली जाऊन प्रयत्न केला. ताईचा कागद पात्यांत असा अडकला की सोडवायला दोघं लागले. चोहीकडे बटाटेच बटाटे. कुणीतरी रडकुंडीला येऊन म्हणालं, "ही कात्रीच वाईट आहे!"

"असं नाही धरायचं."

आवाज खिडकीकडून आला. नात वळून बघत होती. तिच्यानं राहवलं नसावं. चुकीचं चाललेलं काम बघवत नाही, हा आमच्या घराण्याचा रोग आहे. ती उठली, माझ्यापाशी आली आणि खिशातून डावा हात काढला.

"द्या इकडे, आजोबा. तुम्ही नुसतं दाबताय. दाबायचं नाही. अंगठा आत ओढायचा, आणि ही बोटं बाहेर ढकलायची. मग पाती जवळ येतात."

तिनं निळा कागद घेतला. कात्री हळू चालली, फार हळू, जशी बोट बंदरात शिरते. कागद दुमडला नाही. आधी डोकं निघालं, मग पोटाचा गोल, मग कल्ला, मग दोन टोकांची शेपटी. तिनं मासा टेबलावर ठेवला. तो माझ्या बटाट्याशेजारी अगदी पोहत असल्यासारखा दिसत होता.

पोरं बघत राहिली.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. घरी करून करून आलं."

"अगं, मग येत नाही असं का म्हणालीस?"

"असं करायला खूप वेळ लागतो ना. माझं माशाचं डोकं कापून होतं तोवर सगळ्यांचा आख्खा मासा होतो. मग बाई कात्री काढून घेतात. उजव्या हातात देतात."

मी काहीतरी मास्तराचं बोलणार होतो, पण तोवर ती छोटी मुलगी तिची बाही ओढायला लागली. "मला दाखव ना. मला पण दाखव." मग दुसरा. मग ताईनं लाजत आपला कागद पुढे केला. नात एकेकापाशी जाऊ लागली. कुणाचा अंगठा सरळ करायची, कुणाचं कोपर खाली घ्यायची, एकाला "जीभ आत" म्हणाली. तिचे दोन्ही हात बाहेर होते आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. खिडकीबाहेर पाणी सावकाश मागे जात होतं, टेबलावर निळे-पिवळे तुकडे साठत होते, आणि कुणालाही घाई नव्हती.

फिरत फिरत ती माझ्या खुर्चीपाशी आली. माझा दुसरा मासा तिनं उचलला, उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला. मी श्वास रोखून बसलो होतो. इतक्या वर्षांत माझ्यासमोर मुलं अशीच बसायची. त्यांना काय वाटत असेल, हे मला पहिल्यांदाच कळलं.

"शेपटी बरी आहे," ती म्हणाली. "पोटात घाई केलीत."

तिनं नवा कागद माझ्यासमोर ठेवला, माझा डावा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला आणि आत ओढला.

"असा. आता पुन्हा."

मी पुन्हा कापायला घेतलं.